आमची झाकलेली गाडी

"काका, तुम्ही शेवटचे पायी कधी चाललात?"

नवरात्रातली आरती नुकतीच संपली होती. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष डेहनकर काका मांडवात माईक हातात घेऊन उभे होते आणि मी त्यांच्यासमोर जाऊन हा प्रश्न विचारला. माईक चालू आहे हे मला माहीत नव्हतं. माझा प्रश्न आधी मांडवात घुमला, मग सगळ्या विंगांच्या बाल्कन्यांमध्ये.

पैज माझ्या मैत्रिणींनी, तन्वी आणि गार्गीने लावली होती. विचारलंस तर आठवडाभर तर्री-पोहे आमच्याकडून. मी तेव्हा आठवीत होते आणि मला नुकताच शोध लागला होता की मोठ्यांना प्रश्न विचारले तर आभाळ कोसळत नाही. शिवाय प्रश्न चुकीचा नव्हता. डेहनकर काका त्यांच्या विंगेतून मांडवात गाडीने यायचे. मध्ये काय, तर एक बाग आणि एक पाण्याची टाकी. बागेतल्या पोरांना हॉर्न वाजवत ते आरतीला पोचायचे.

काका आधी हसले. "चालतो ना बेटा. रोज चालतो. ट्रेडमिलवर."

लोकही हसले. इथे मी गप्प बसायला हवं होतं, पोहे तर मिळालेच होते. पण जीभ एकदा निघाली की तिला ब्रेक कुठे.

"मग ट्रेडमिलपर्यंत कसे जाता?"

आता लोक जरा जास्तच हसले. काकांचं हसू आटलं. त्यांनी गर्दीत नजर फिरवली आणि माझ्या बाबांवर थांबवली.

"ठवकर भाऊ, पोरगी हुशार आहे तुमची. पण एक सांगा, तुमची गाडी तर आम्ही चालताना पाहिलीच नाही. चार वर्षं झाली, कव्हरातच आहे."

"कमी काढतो," बाबा म्हणाले.

"मग यंदा काढा ना." काकांनी माईक तोंडाजवळ नेला. "सर्व सभासदांना सूचना. यंदा दसऱ्याला सामूहिक वाहनपूजा होईल. गुरुजी प्रत्येक गाडीपाशी येतील. एकही गाडी कव्हरात दिसायला नको. देवीला झाकलेलं चालत नाही."

देवीने हे त्यांना कधी सांगितलं कोण जाणे. पण बाबांच्या हातातला प्रसाद तसाच राहिला, आणि आईने माझ्याकडे असं पाहिलं की मला तर्री-पोह्यांची चव आधीच कडू लागली.

कारण आमच्याकडे गाडी नव्हती.

कव्हराखाली कूलर होता. नागपूरचा कूलर म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळायचं नाही. पत्र्याचा, आत माणूस मांडी घालून जेवायला बसेल एवढा. उन्हाळाभर तो आमच्या खिडकीत असायचा. पावसाळा लागला की घरात त्याला जागा नसायची, मग तो खाली आमच्या पार्किंगच्या जागेत यायचा आणि गाडीचं नाक व्हायचा. त्याच्या मागे विटांवर ठेवलेला आईच्या माहेरचा लोखंडी पलंग. पलंगावर गव्हाची रिकामी कोठी, म्हणजे गाडीचा टप. दोन्ही बाजूंना आईबाबांच्या सायकली. आई घरी ब्लाउज शिवते, तिने कव्हराला खाली पट्टी लावून ते जमिनीला टेकेल असं केलं होतं. समोर आतून दोन थाळ्या बांधल्या होत्या, दिव्यांचा फुगवटा दिसावा म्हणून. ही कल्पनाही आईचीच.

एक अडचण होती. उन्हाळ्यात कूलर वर गेला की आमची गाडी आखूड व्हायची. त्यावरून सोसायटीने काय समजावं? ठवकरांकडे दोन गाड्या आहेत, उन्हाळ्याची वेगळी आणि पावसाळ्याची वेगळी. एकदा डेहनकर काकूंनी आईला लिफ्टमध्ये विचारलं होतं, "उन्हाळ्यात छोटीच बरी पडत असेल, नाही हो? पटकन थंड होते."

"हो, फार पटकन," आई म्हणाली होती.

हे सगळं कशासाठी, तर सोसायटीचा नियम असा की पार्किंगमध्ये वाहन नसेल तर ती जागा समिती दुसऱ्याला देणार. दुसरा म्हणजे डेहनकर काका, त्यांच्याकडे गाड्या तीन आणि जागा दोन. शिवाय बाबा एका पतसंस्थेत वाहनकर्जाच्या टेबलावर. दिवसभर लोकांना सांगायचं की गाडीशिवाय या शहरात संसार होत नाही, आणि संध्याकाळी स्वतः थांब्यावर उभं राहून बस येते का ते पाहायचं. बाबा घरात म्हणायचे, "हप्ता थकलेल्या माणसाचं तोंड मी रोज बघतो. मला ते तोंड नको." पण हे ना ते ऑफिसात बोलू शकत होते, ना सोसायटीत. मिठाईवाला मिठाई खात नाही हे गिऱ्हाइकाला कळून कसं चालेल?

मग आम्ही मागच्या फाटकाने जायचो, जिथून सिलिंडरवाला येतो. वाटेत कोणी भेटलंच तर गाडीची सर्व्हिसिंग करायला मेकॅनिक घरीच येणार असायचा. एखाद्या मंत्र्याच्या गाडीची झाली नसेल एवढी सर्व्हिसिंग आमच्या कूलरची झाली.

मला मात्र गाडी नसण्याचं दुःख एका पैचं नव्हतं. उलट चैन होती. आमचं घर बेसा रोडच्या पार पुढे, आणि मी खो-खो खेळायचे ते मैदान गिट्टीखदानला. म्हणजे शहराचं हे टोक आणि ते टोक. जूनपासून आठवड्यातले तीन दिवस मी एकटी जायचे. शहराच्या मधोमध, बर्डीला बस बदलायची. कोणत्या बसची कोणती खिडकी उघडत नाही, कोणता कंडक्टर सुटे नाहीत म्हणून कुरकुरतो आणि कोणता गाणं म्हणतो, सगळं मला पाठ. घरी आले की जेवताना ताटावरून हात वर नेऊन मी सांगायचे, आज बर्डीला एक माणूस माझ्या पायावर पोतं ठेवून राहिला होता, मी त्याला असं सुनावलं. आई घास थांबवून विचारायची, "बाई गं. मग?"

तन्वीचा नाचाचा क्लास आमच्या फाटकासमोर, रस्ता ओलांडला की. ती गाडीने जायची. पप्पा मोकळे नसले की क्लास बुडायचा. तिचं नाचातलं अजूनही पहिलंच वर्ष चालू आहे.

तर त्या दिवशी मांडवातून घरी आलो. आईने दार लावलं.

"कायले तोंड उघडलं तू?"

"पैज होती."

"पैज होती म्हणे. आता कूलर धुऊन ठेवू का? नंबर प्लेट लावू त्याला?"

बाबा सोफ्यावर बसले. पंख्याकडे पाहून म्हणाले, "दसऱ्याला खरीच आणू."

"काय?"

"गाडी. ऑफिसच्या ओळखीने लवकर मिळेल. सकाळी लवकर ती आत येईल, कूलर बाहेर जाईल. कोणाला कळणार नाही."

"तुम्हाला कुठे चालवता येते?" मी विचारलं.

"शिकीन. आणि शरू, गाडी आली की तुझं ते बसनं हिंडणं बंद. मी सोडीन."

"कधी सोडाल? तुम्ही साडेसहाला घरी येता."

"रविवारी सोडीन."

"रविवारी खो-खो नसतो."

"मग रविवारी असेल ते शीक."

मी आईकडे पाहिलं. म्हटलं ही तरी माझी बाजू घेईल, हिने थाळ्या बांधल्या आहेत. ती कापडाची सुरळी उलगडत होती. "एका परीनं बरंच होईल," ती म्हणाली. "मी तरी सुटीन."

मला वाटलं, मागच्या फाटकातून सुटीन असं म्हणून राहिली आहे.

पुढचे दिवस मी मैदानावर अशी खेळले की जणू मला कुणी शेवटचं खेळायला सोडलंय. सरांना वाटलं माझ्यात सुधारणा झाली. घरी मी सगळे उपाय करून पाहिले. रुसले. उपास केला, तो नवरात्रात असल्यामुळे कोणाच्या लक्षात आला नाही, आईने उलट कौतुक करून साबुदाणा दिला. शेवटी बाबांना त्यांच्याच ऑफिसातले किस्से ऐकवले. बाबा म्हणाले, "ते लोक वेगळे." ते लोकही असंच म्हणत असणार.

दसऱ्याच्या दिवशी बाबा पहाटेपासून नवा शर्ट घालून बाल्कनीत उभे होते. आठ वाजले, गाडी नाही. नऊला शोरूमचा फोन आला. बाबा फोनवर एवढंच म्हणत होते, "अहो पण... अहो मुहूर्त... अहो पूजा..." फोन ठेवून ते आत आले.

"संध्याकाळी देतो म्हणतात. अख्ख्या गावाला आजच गाडी पाहिजे."

खाली ताशा सुरू झाला होता.

"आपण अमरावतीला जाऊ," बाबा आईला म्हणाले. "तुझ्या भावाकडे. आत्ता. घरात कोणी नाही म्हटल्यावर कव्हर कोण काढणार?"

"आणि गाडी इथे झाकून ठेवून आपण अमरावतीला गेलो कसे?" आई म्हणाली.

बाबा खाली बसले. पुन्हा उठले. "रंग लावलाय म्हणू. ओला आहे म्हणू. संध्याकाळपर्यंत ढकलू. संध्याकाळी गाडी आली की मग काय."

खाली उतरलो तर पार्किंगचं लग्नघर झालेलं. झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबं, नारळांचं पाणी वाहत नालीत. जे काका बायकोच्या वाढदिवसाला फूल आणत नाहीत ते बॉनेटला हार घालून चार पावलं मागे जाऊन बघत होते, सरळ आला का. गुरुजी घाईत होते. मंत्र संपायच्या आधीच त्यांचे पाय पुढच्या गाडीकडे वळत होते. त्यांच्या मागे डेहनकर काका, रेशमी कुर्त्यात. आपल्या तीन गाड्यांपाशी ते जरा जास्त थांबले, तिसरी पाहुण्यांच्या जागेत उभी होती.

मग सगळी वरात आमच्यापाशी आली.

"कव्हर काढा ठवकर भाऊ."

"रंग ओला आहे," बाबा म्हणाले.

"चार वर्षं?"

"आत्ता दिला. परवा. संध्याकाळी काढतो ना. गुरुजी, वरूनच दोन अक्षता टाका, चालेल."

गुरुजींना काहीही चालणार होतं. त्यांनी अक्षता उचलल्यासुद्धा. डेहनकर काका बघत राहिले. बाबांच्या नव्या शर्टाची पाठ पूर्ण भिजली होती, पण त्यांचा हात कव्हरावर घट्ट होता, आणि मला दिसलं की हे निभणार आहे. दोन अक्षता पडतील, वरात पुढे जाईल. संध्याकाळी खरी गाडी येईल, कूलर अंधारात मागे जाईल, ठवकरांची अब्रू राहील. आणि मंगळवारी, खो-खोच्या दिवशी, मी बाल्कनीत बसून बाबांच्या रविवारची वाट पाहीन.

मी कव्हराचं टोक धरलं आणि ओढलं.

आईची शिवण पक्की. कव्हर एका झटक्यात अख्खं आलं. त्याच्याबरोबर एक थाळी सुटली, फरशीवर आपटली आणि गोल गोल फिरत डेहनकर काकांच्या चपलेला जाऊन टेकली. समोर आमचा कूलर, वाळलेल्या वाळ्याच्या ताट्या, पलंग, कोठी आणि सायकली. ताशेवाल्यानेही हात थांबवला.

पहिल्यांदा बोलल्या डेहनकर काकू. "म्हणजे उन्हाळ्यात छोटी व्हायची ती..."

"हो," आई म्हणाली. "वर न्यायचो."

"यजमान," गुरुजी म्हणाले, "पूजा कशाची ते लवकर सांगा. मला पुढे दोन सोसायट्या आहेत."

मी म्हटलं, "कूलरची करा."

"चाकं आहेत याला?"

"स्टँडला आहेत. चार."

"मग झालं." त्यांनी कूलरला कुंकू लावलं, वर फूल ठेवलं आणि वाकून स्टँडच्या एका चाकाखाली लिंबूही ठेवलं. सायकलींच्या हँडलला उरलेल्या अक्षता. दक्षिणा घेतली आणि निघाले.

"ही सोसायटीची फसवणूक आहे," डेहनकर काका म्हणाले. "जागा वाहनाला दिली आहे, भंगाराला नाही. उद्या रिकामी करा."

"सायकल वाहन नाही?" मी विचारलं.

"तू मध्ये बोलू नको."

"पूजा झाली ना आत्ता," मागून गार्गीचे आजोबा म्हणाले. "तुम्हीच तर बोलावलं गुरुजींना."

"गाडी म्हणजे काय ते दाखवतो," असं म्हणून काका त्यांच्या तिसऱ्या गाडीत बसले. पूजेनंतर लिंबू चिरडून गाडी एक फेरी मारून आणायची असते. किल्ली फिरवली. गाडी खोकलीसुद्धा नाही. पुन्हा फिरवली. मग बॉनेट उघडलं, तर आत उंदरांचा संसार. वायरी कुरतडलेल्या, आणि मध्ये कापसाचं घरटं, अगदी टुमदार. गेल्या वर्षीच्या हाराचे वाळलेले झेंडूसुद्धा त्यांनी आत ओढून नेले होते, म्हणजे सजावटही होती. तोवर इतर लोक आपापल्या गाड्यांत बसले होते. निम्म्या सुरू झाल्या. बाकीच्यांच्या बॅटऱ्या मेलेल्या. शहरात गाडी लावायला जागा नाही म्हणून बहुतेक जण स्कूटरने फिरायचे आणि गाड्या खाली उभ्या राहायच्या, धुतलेल्या, पुसलेल्या, आमच्या कूलरसारख्या. फरक एवढाच की आमचा कूलर बटण दाबलं की सुरू व्हायचा. सबंध सकाळ रेशमी कुर्ते घातलेले काकालोक एकमेकांच्या गाड्या ढकलत होते. मीही एक ढकलली. सणाचा दिवस.

आम्ही वर आलो. बाबांनी कव्हराची घडी करून मांडीवर ठेवली होती. मला वाटलं ते रागावतील, आणि माझी उत्तरं तयार होती. ते रागावले नाहीत. तेवढ्यात शोरूमचा फोन आला. गाडी लवकर तयार झाली, पाठवू का?

"पाच मिनिटांत सांगतो," बाबा म्हणाले.

"नाही म्हणून सांगा ना," मी म्हटलं. "आता कोणापासून लपवायचं आहे? सगळ्यांनी पाहिलं. लोकांसाठीच घेत होतात ना?"

"लोकांसाठी?" बाबांनी आईकडे पाहिलं. आईने मान हलवून त्यांना नको म्हटलं, ते मला दिसलं. "लोकांसाठी असती तर कव्हर पुरे होतं. तुझ्या आईसाठी घेऊन राहिलो."

"आईला कुठे जायचं असतं?"

"गिट्टीखदानला," बाबा म्हणाले. "आठवड्यातून तीनदा. तुझ्या मागच्या सीटवर बसून."

मला आधी कळलंच नाही. मग आई म्हणाली, "आता कशाला सांगता तिला." आणि मग कळलं.

नागपुरात उन्हाचं निमित्त करून बायका डोक्यापासून मानेपर्यंत स्टोल गुंडाळतात, फक्त डोळे उघडे. सिटी बसमध्ये अशा दहा जणी असतात. त्यातली एक कोण आहे हे वाकून कोण बघतं? मी समोरच्या दाराने चढायचे, ती मागच्या. बर्डीला मी बस बदलायचे, ती बदलायची. मी घरी पोचले की ती थोड्या वेळाने पिशवी घेऊन यायची, "भाजीला गेले होते." खो-खोच्या दिवशी आमच्याकडे नेहमी ताजी भाजी असायची, हे माझ्यासारख्या हुशार मुलीच्या लक्षात आलं नव्हतं.

आणि मी हात वर करकरून सांगायचे. पोतंवाल्याला कसं सुनावलं. आई म्हणायची, "बाई गं. मग?" ती दोन सीट मागे होती. मी त्याला सुनावलं नव्हतं. मी पाय आत घेतला होता आणि खिडकीबाहेर बघत बसले होते. तिने ते पाहिलं होतं, आणि तरी विचारलं होतं, मग?

"पूर्ण चार महिने?" मी विचारलं.

"सुरुवातीला भीती वाटे म्हणून," आई म्हणाली. "बर्डीला केवढी गर्दी असते."

"आणि नंतर?"

आईने स्वयंपाकघराकडे पाहिलं. "नंतर तुझा खेळ बघायला. तू दिशा फार लवकर ठरवते. अजून एक क्षण थांबत जा." मग जरा खालच्या आवाजात, "आणि मैदानाच्या कोपऱ्यावर एक बाई मूगवडे काढते."

"मूगवडे?" बाबा म्हणाले. त्यांना एवढं माहीत नव्हतं. "मला सांगायची, पाठ दुखते बसनं. म्हणून मी गाडी..."

"पाठ दुखते. मूगवडे वेगळे."

"आणि मी तरी सुटीन म्हणालीस ते?" मी विचारलं.

"म्हणाले. पण मग मला कोण नेणार तिकडे? रविवारी खो-खो नसतो."

बाबा आईकडे बघत राहिले, चार वर्षं कव्हराखाली काय आहे ते आत्ता कळल्यासारखे. फोन पुन्हा वाजला. कोणी उचलला नाही. मला रडायला येत होतं आणि हसायलाही, आणि दोन्हींची लाज वाटत होती, म्हणून मी उभी राहिले. उभं राहून बोललं की माझा आवाज सरळ निघतो.

"मी ठरवलंय," मी म्हटलं. "बाबा, गाडी घ्यायची तर घ्या, तुम्ही दोघं त्यात बसून अमरावतीला जा. मी मंगळवारी बसने जाणार आहे, आणि त्यानंतरही बसनेच. आई, तुला यायचं असेल तर तोंडावरचं काढून ये आणि माझ्या शेजारी बस. नसेल यायचं तर घरी राहा, मी जाईन. पण माझ्या मागच्या सीटवर आता कोणी बसायचं नाही."